हिंगोली जिल्हा कुठून निघाला?

ताई, नमस्कार.
मी वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पोलीस भरतीची तयारी करतेय, सोबत ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपली जुनी तलाठी भरती, तिचीही. गणित ठीक आहे, व्याकरण चांगलं आहे, ग्राउंडही निघतं. गाडं अडतं ते समसंबंधावर, म्हणजे पहिल्या जोडीसारखी दुसरी जोडी लावायच्या प्रश्नांवर. 'डॉक्टर : दवाखाना :: शिक्षक : ?' असले प्रश्न सुटतात, पण त्यात जीके घुसलं की गोंधळ होतो. गेल्या आठ सराव पेपरांत असे 31 प्रश्न होते, त्यातले 17 चुकले. तीन लिहून पाठवते.

वाशीम : अकोला :: हिंगोली : ? (नांदेड, परभणी, यवतमाळ, बुलढाणा). मी नांदेड लिहिलं.

वाऱ्याचा वेग : अ‍ॅनिमोमीटर :: भूकंप : ? (रिश्टर, सिस्मोग्राफ, बॅरोमीटर, हायग्रोमीटर). मी रिश्टर लिहिलं.

केसरी : आगरकर :: मराठा : ? (टिळक, चिपळूणकर, जांभेकर, लोकहितवादी). हा सोडूनच दिला. केसरी टिळकांचा ना? मग प्रश्नच चुकलाय असं वाटलं.

हिंगोलीचं तर मला सरळ विचारलं असतं तरी आलं असतं. स्वतःच्याच जिल्ह्याचा प्रश्न चुकला म्हणून अभ्यासिकेत सगळे हसले. मैत्रीण म्हणते, यात बुद्धिमत्ता काही नाही, नुसतं पाठांतर आहे, जीकेचा ठोकळा, म्हणजे ते जाडजूड पुस्तक, आण. 900 रुपयांचा आहे. आणू का? रोज किती जोड्या पाठ करू? आणि हे सकाळी करू की रात्री?
— वसमतची एक भरतीवाली

प्रिय भरतीवाली,

900 रुपये आधी परत पाकिटात ठेव. ठोकळ्याचं नंतर बघू.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस: सरळ विचारलं असतं तरी आलं असतं. म्हणजे माहिती तुझ्याकडे होती. मग चुकलं काय? आता हेच त्या 17 प्रश्नांना विचार. आठही पेपर काढ, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने 'म' किंवा 'न' लिही. 'म' म्हणजे माहितीच नव्हती, 'न' म्हणजे माहिती होती पण नातं चुकलं. प्रामाणिकपणे लिही, 'न' लिहायला जरा जिवावर येतं. मी गेली बरीच वर्षं अभ्यासिकेत पोरापोरींचे पेपर बघतेय. ज्याला त्याला वाटतं आपले सगळे 'म' आहेत, कारण 'म' वर उपाय सोपा असतो, पुस्तक आणायचं. मोजायला बसलं की 'न' निघतात. तुझ्या तीनपैकी दोन तर स्वच्छ 'न' आहेत.

हिंगोलीचाच प्रश्न घेऊ. तू 'वाशीम : अकोला' वाचलंस आणि मनात काय म्हणालीस ते मी सांगू? 'वाशीमच्या शेजारी अकोला.' मग हिंगोलीच्या शेजारी कोण, तर नांदेड. बाजाराला, दवाखान्याला, क्लासला तुम्ही वसमतवाले नांदेडलाच जाता, तेच आधी तोंडात येणार. पण पर्याय पुन्हा बघ. नांदेड शेजारी आहे. परभणीही शेजारी आहे. यवतमाळही आहे. चारातले तीन तर शेजारीच! पेपर काढणाऱ्याला तुझं 'शेजारी' आधीच ठाऊक होतं, म्हणून तर त्याने इतके शेजारी आणून बसवले. एका नात्यात तीन पर्याय बसले की ते नातं सैल आहे, एवढं तिथल्या तिथे ओळखायचं.

मग वाक्य आवळायचं. वाशीम आणि अकोला यांच्यात शेजाराखेरीज काय आहे? वाशीम जिल्हा अकोल्यातून निघाला. हिंगोली कुठून निघाला? परभणीतून. आता एकच पर्याय उरला. इथे थांबायचं.

थांबायचं हे मुद्दाम लिहितेय, कारण वाक्य फार आवळलं तरी फसतं. 'वाशीम 1998 साली अकोल्यातून निघाला' असं म्हणून बसलीस तर हिंगोली त्यात मावणार नाही, तो 1 मे 1999 चा. मग तू म्हणणार प्रश्न चुकलाय. एक पर्याय उरेपर्यंत आवळायचं, त्यापुढे एक वेढाही नको. मला हे शिकायला एक भरती घालवावी लागली. प्रश्न होता '5 सप्टेंबर : राधाकृष्णन :: 28 फेब्रुवारी : ?'. मी मनात म्हटलं, 5 सप्टेंबर हा राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, तर 28 फेब्रुवारीला कोण जन्मलं? पर्यायात चंद्रशेखर रामन होते आणि मोरारजी देसाईही होते. रामन यांचा जन्म नोव्हेंबरातला, हे मला पक्कं माहीत. मोरारजींचा 29 फेब्रुवारी 1896 चा. एका दिवसाने हुकतंय, पण फेब्रुवारी तर आहे, लीप वर्षाचं काहीतरी असेल, असं स्वतःला समजावत मी तीन मिनिटं घालवली आणि मोरारजींचा गोल काळा केला. खरं वाक्य किती साधं होतं: त्या दिवशी आपण जो 'दिन' पाळतो, तो कुणामुळे? 5 सप्टेंबरचा शिक्षक दिन राधाकृष्णन यांच्यामुळे, 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन रामन यांच्यामुळे. एकाचा जन्म, दुसऱ्याने 1928 साली जाहीर केलेला शोध. माहिती माझ्याकडे गरजेपेक्षा जास्तच होती, तिनेच घात केला.

म्हणून सवय एकच लाव. पर्यायांकडे नजर जाण्याआधी पहिल्या जोडीचं पूर्ण वाक्य म्हणायचं, आणि त्या वाक्यात क्रियापद हवं. 'वाशीम आणि अकोला हे जिल्हे आहेत' हे वाक्य नव्हे, 'यांचा संबंध आहे' हे तर मुळीच नव्हे. निघाला, उगम पावते, मोजतात, जन्मला, समाधी घेतली, होतो, सुरू केलं, संपादक होते. सरावात पहिले पंधरा दिवस हे वाक्य तोंडाने म्हण, पुटपुट का होईना. अभ्यासिकेत आधीच हसलेत, अजून थोडं हसतील.

आता भूकंप. 'वाऱ्याचा वेग अ‍ॅनिमोमीटरने मोजतात' असं तू म्हटलं असशील, क्रियापदही आलं, तरी रिश्टर लिहिलंस. का ते मी ओळखू शकते. तुमच्या वसमत, औंढा भागात गेल्या काही वर्षांत जमिनीला धक्के बसतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'इतक्या रिश्टर स्केलचा धक्का' असंच छापून येतं. भूकंप म्हटलं की रिश्टर हे तुझ्या कानाला चिकटलेलं आहे. पण अ‍ॅनिमोमीटर ही वस्तू आहे, गरगर फिरणाऱ्या वाट्या असलेली, हाताने उचलता येते. रिश्टर उचलता येत नाही, ती मोजपट्टी आहे, तीही कागदावरची. भूकंपाची वस्तू म्हणजे सिस्मोग्राफ. याच प्रश्नाला उलटं करून बघ: 'वारा : ब्यूफोर्ट :: भूकंप : ?' आता उत्तर रिश्टर, कारण ब्यूफोर्ट ही वाऱ्याच्या जोराची श्रेणी आहे. शेवटचा शब्द तोच, भूकंप, पण पहिल्या जोडीने उत्तर फिरवलं. भूकंपाला जोडीदार एक नाही, अनेक आहेत, आणि त्यातला कोणता बोलवायचा हे पहिली जोडी ठरवते. तू शेवटच्या शब्दाशी जाऊन उभी राहतेस आणि जो पहिला भेटेल त्याला घेऊन येतेस. हिंगोलीलाही तेच केलंस.

केसरीच्या प्रश्नात मात्र तू खरंच 'म' होतीस, आणि त्यातून जे शिकायचं ते वेगळं आहे. समसंबंधात पहिली जोडी पेपर काढणाऱ्याने स्वतः जोडून दिलेली असते, ती बरोबरच धरायची. ती तुला चुकीची वाटली, तर 'प्रश्न चुकला' म्हणायच्या आधी 'मला यातलं काहीतरी माहीत नाही' असं म्हणून बघ. 1881 साली केसरी आणि मराठा ही दोन पत्रं निघाली, एक मराठी, एक इंग्रजी. केसरीचे पहिले संपादक आगरकर, मराठाचे टिळक. पुढे मतभेद झाले, केसरी टिळकांकडे आला आणि 1888 मध्ये आगरकरांनी आपलं सुधारक काढलं. म्हणून 'केसरी : टिळक :: सुधारक : ?' असं आलं तर उत्तर आगरकर, आणि 'केसरी : आगरकर :: मराठा : ?' असं आलं तर टिळक. तुला हे माहीत नसतानाही प्रश्न सुटण्यासारखा होता. पर्यायांतले जांभेकर दर्पणचे, ते 1832 चं, अर्ध्या शतकाआधीचं. लोकहितवादींची शतपत्रं त्याच जुन्या काळातली. राहिले टिळक आणि चिपळूणकर, आणि 'मराठा' म्हटल्यावर यातलं कोणतं नाव ओठावर येतं? सोडून देण्यासारखं यात काहीच नव्हतं.

आणि ही फुकटची जोडी वाया घालवू नकोस. प्रत्येक समसंबंधात एक खरी माहिती छापूनच येते. चुकलेला प्रश्न सोड, बरोबर आलेल्या प्रश्नाचीही पहिली जोडी वहीत उतरव. 'नेसेट : इस्रायल :: डाएट : ?' यात तुला जपानची डाएट माहीत असेल, नेसेट नसेल. उत्तर लिहून पुढे जाशील. पण त्या प्रश्नाने तुला इस्रायलच्या संसदेचं नाव सांगितलं, ते घ्यायला विसरशील.

(तुझ्या सराव पेपरांच्या उत्तरतालिकांबद्दल एक सावधगिरी. मुख्य परीक्षेत पहिली जोडी बरोबर धरायची, पण सराव पेपर कुणीही छापतं. मागच्या महिन्यात माझ्याकडच्या एका मुलाच्या पेपरात पश्चिम घाटाचं सर्वोच्च शिखर कळसूबाई दिलं होतं. कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च. सबंध पश्चिम घाटाचं म्हणशील तर केरळातलं अनाइमुडी, 2695 मीटर. जिथे तालिकेचं पटत नाही तिथे पाठ्यपुस्तक उघडायचं, तालिका पाठ करायची नाही.)

आता तुझा पाठांतराचा प्रश्न. रोज किती जोड्या पाठ करू? एकही नको. जोड्या पाठ केल्या की होतं काय, 'कोयना – शिवसागर' अशी एक जोडी डोक्यात चिकटते आणि कोयना दिसली की शिवसागरच बाहेर पडतो, विचारलंय काय ते न बघता. त्यापेक्षा एका शब्दाला एक अख्खं पान दे. मध्ये लिही 'कोयना'. आता तिला किती धागे आहेत ते बघ. नदी म्हणून तिचा उगम महाबळेश्वरला. कराडला ती कृष्णेला मिळते. धरण म्हणून तिचा जलाशय शिवसागर. आणि 11 डिसेंबर 1967 चा भूकंप तिच्याच नावाने ओळखला जातो. प्रत्येक धाग्यावर क्रियापद लिही आणि मग प्रत्येक धाग्याचा प्रश्न बनव. 'गोदावरी : त्र्यंबकेश्वर :: कोयना : ?' इथे महाबळेश्वर. 'जायकवाडी : नाथसागर :: कोयना : ?' इथे शिवसागर. 'किल्लारी : 1993 :: कोयना : ?' इथे 1967. एकच कोयना, तीन उत्तरं. असं एक पान भरायला अर्धा तास लागतो आणि ते पान विसरलं जात नाही, कारण लिहिताना तू शोधलेलं असतंस.

पानं कुठून सुरू करायची? घरापासून. पोरं राजधान्या आणि चलनांपासून सुरुवात करतात, येन, बाथ, टका. ते करायचंच आहे, पण ते एका दुपारचं काम आहे आणि त्यात खाचा फारशा नाहीत. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी नाही, कॅनबेरा आहे, तुर्कीची इस्तंबूल नाही, अंकारा आहे, असे चार-पाच खड्डे लक्षात ठेवले की झालं. जीवनसत्त्वांच्या अभावाचे रोग, एककं, उपकरणं, हेही तसंच, तक्ता करून भिंतीला लाव. खरे प्रश्न फसवतात ते आपल्याला अर्धवट माहीत असलेल्या गोष्टींत.

तुझ्या जिल्ह्यातलंच घे. नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात, तुला लहानपणापासून माहीत. मग 'ज्ञानेश्वर : आळंदी :: नामदेव : ?' असं आलं तर तू नरसी लिहिशील का? आळंदी ही ज्ञानेश्वरांची समाधी, जन्मगाव आपेगाव. नामदेवांची पायरी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वाराशी आहे. म्हणजे 'ज्ञानेश्वर : आपेगाव' दिलं असेल तर नरसी आणि 'ज्ञानेश्वर : आळंदी' दिलं असेल तर पंढरपूर. त्याच पानावर पुढे जा: निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, सोपानदेवांची सासवडला, एकनाथांची पैठणला. 'जन्मला' आणि 'समाधी घेतली' ही दोन क्रियापदं एका पानावर समोरासमोर लिही, म्हणजे एकमेकांत मिसळणार नाहीत. वारीला जाणारं कुणी घरात असेल तर त्यांना समोर बसवून हे पान भर. तुझ्यापेक्षा जास्त त्यांना येत असेल.

तशीच टोपणनावं. राम गणेश गडकरी म्हणजे गोविंदाग्रज, हे सगळ्यांना येतं. पण ते कवितेसाठी. विनोदी लेखनाला ते बाळकराम होत. 'गोविंदाग्रज : कविता :: बाळकराम : ?' हा प्रश्न बघून भलेभले बाळकराम कोण याचाच विचार करत बसतात. आणि 'ग्रज' वरून फसू नकोस, कुसुमाग्रज वेगळे, शिरवाडकर, ज्यांच्या जन्मदिनी 27 फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन पाळतो.

जिल्ह्यांचं पान तर तू करच, हसणाऱ्यांना उत्तर म्हणून. 1 मे 1960 ला महाराष्ट्रात 26 जिल्हे होते, आज 36 आहेत. मधले दहा कुठून आले एवढंच पान. 1981 मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि मुख्यतः तेव्हाच्या औरंगाबादेतून जालना. 1982 मध्ये उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली. 1990 मध्ये मुंबईतून मुंबई उपनगर. 1998 मध्ये अकोल्यातून वाशीम, धुळ्यातून नंदुरबार. 1999 मध्ये परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. आणि 2014 मध्ये ठाण्यातून पालघर. या पानावर नवी नावं कंसात लिहून ठेव, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव 2023 पासून, अहिल्यानगर 2024 पासून. जुन्या पुस्तकात 'लातूर : उस्मानाबाद' असेल आणि तुझ्या पेपरात पर्याय धाराशिव असेल, तर परीक्षेच्या हॉलमध्ये शोधाशोध नको.

घरात आजोबा असतील तर त्यांच्या ट्रंकेत एखादा जुना सातबारा नक्की असेल. काढायला सांग. 1 मे 1999 च्या आधीचा असेल तर वर 'तालुका वसमत, जिल्हा परभणी' असंच लिहिलेलं दिसेल. तो कागद एकदा हातात धरलास की हा प्रश्न तुझा आयुष्यात चुकणार नाही, आणि 900 रुपयांच्या ठोकळ्यात तो कागद मिळत नाही.

ठोकळ्याचंच बोलायचं तर तो वाईट नसतो, पण तो यादी देतो, नातं देत नाही. नात्यांसाठी पाचवी ते दहावीची भूगोल, इतिहास, विज्ञानाची पुस्तकं वाच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मोबाइलवर उतरवून घे. त्यात गोष्टी वाक्यात लिहिलेल्या असतात, 'हे यातून निघतं', 'हे याच्यामुळे होतं', आणि तुला तर वाक्यच हवं आहे. चालू घडामोडींसाठी ठोकळ्याचा उपयोग नाहीच, छापून येईपर्यंत शिळा होतो. अभ्यासिकेत पेपर येत असेल तर तो वाच आणि नेमणुका, पुरस्कार, स्पर्धांचे यजमान यांचं महिन्याला एक पान कर. मागच्या वर्षभराची पानं पुरेत.

मैत्रिणीला दोष देऊ नकोस, तिला कामाला लाव. रोज दोघींनी तीन-तीन प्रश्न स्वतः बनवायचे आणि अदलाबदल करायची. उत्तर शोधणं सोपं असतं, खरा अभ्यास चुकीचे तीन पर्याय बनवण्यात आहे. 'नागपूर : संत्री :: जळगाव : ?' या प्रश्नाला केळी, संत्री, सफरचंद, अननस असे पर्याय दिलेस तर तू फक्त कागद खराब केलास. केळी, भरीत, सोनं, कापूस असे दे. जळगावात हे चारही नावाजलेले आहेत, मग तिला 'या जिल्ह्याचं नाव कोणत्या फळासाठी घेतात' इथपर्यंत वाक्य आवळावं लागेल. असे पन्नास प्रश्न काढलेस की पेपर काढणारा कुठे खड्डा खणतो ते तुला लांबून दिसायला लागेल. ज्या दिवशी मैत्रीण तुझ्या चुकीच्या पर्यायाला फसेल, त्या दिवशी चहा तिच्याकडून घे.

दोन बारक्या गोष्टी. काही प्रश्नांत नातं पहिल्या आणि तिसऱ्या पदात असतं. 'दर्पण : केसरी :: 1832 : ?' यात दर्पण आणि केसरीची जोडी लावत बसलीस तर काही हाती लागणार नाही, दर्पण 1832 चं, केसरी 1881 चं, असं तिरपं वाचायचं. पहिल्या जोडीचं वाक्य होत नसेल तर लगेच तिरपं वाचून बघ. आणि दिशा जप. 'मूकनायक : आंबेडकर :: जांभेकर : ?' असा उलटसुलट प्रश्न सहसा नियमाने येत नाही, पण 'येन : जपान :: बांगलादेश : ?' असं कुणी छापलं तर क्षणभर थांबून आधी चलन की आधी देश ते बघ आणि मग पर्यायात जे आहे ते मुकाट्याने घे. हॉलमध्ये पेपर काढणाऱ्याशी भांडायचं नसतं. उत्तरतालिका आल्यावर हरकतीची मुदत असते, भांडण तेव्हासाठी ठेव.

वेळेचं गणित तुझं तू कर, तुझं गणित ठीक आहे म्हणालीस. पोलीस भरतीच्या लेखीत 100 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. समसंबंधाने यातली वीस सेकंद घ्यावीत, उरलेली गणिताला द्यावीत. वाक्य झालं, पण शेवटची माहितीच आठवत नाही असं असेल, तर पाहत बसून ती येत नाही. गणित बसून सुटतं, राजधानी बसून आठवत नाही. न जमणारे पर्याय उडव, खूण कर, पुढे जा. उणे गुण नसलेल्या परीक्षेत गोल रिकामा सोडायचा नाही, असतील तिथे दोन पर्याय उडाल्याशिवाय हात लावायचा नाही.

सकाळी की रात्री? पानं भरायची ती रात्री, मोबाइल आणि पुस्तकं समोर घेऊन. प्रश्न सोडवायचे ते सकाळी, धावून आल्यावर, चहा उकळेपर्यंत. तीन प्रश्न, मैत्रिणीने आदल्या दिवशी दिलेले. दमलेल्या डोक्याला पहिल्यांदा जे सुचतं तेच परीक्षेत सुचणार असतं, आणि ते कुठे फसतं हे तुला चहाच्या आत कळेल.

पंधरा दिवसांनी 'म' आणि 'न' किती निघाले तेवढं कळव. आणि सातबारा सापडला का, तेही.

— तुझी ताई